किकुची-फुजिमोटो रोगातील त्वचालक्षणे

किकुची-फुजिमोटो रोग, संक्षेपाने किकुची रोग, हा लसीका ग्रंथींचा दुर्मीळ दाहजन्य विकार आहे. तो बहुधा मानेतील ग्रंथींना होतो. त्यात ग्रंथी सुजतात, दुखतात आणि त्यांच्या आतील पेशींचे काही पुंजके मृत होतात. बरोबर अनेकदा ताप असतो. विशेष उपचार न करताही हा रोग बहुतेक रुग्णांत एक ते चार महिन्यांत आपोआप ओसरतो. रुग्ण प्रामुख्याने तरुण असतात व त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आढळते. काही रुग्णांच्या चेहऱ्यावर, छातीवर, पाठीवर किंवा हातांवर पुरळ उठते. हे पुरळ स्वतः धोकादायक नसते आणि बहुधा व्रण न ठेवता जाते. तरीही निदानाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. मानेतील गाठ क्षयाची, कर्करोगाची, ल्युपस या दीर्घकालीन आजाराची की किकुची रोगाची, हे ठरवताना ज्या खुणा उपयोगी पडतात त्यांत त्वचेवरील खुणा सर्वांत आधी दिसतात आणि सर्वांत आधी नाहीशाही होतात.

नाव आणि शोध

जपानमधील विकृतितज्ज्ञ मासाहिरो किकुची यांनी १९७२ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी फुजिमोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे याच विकाराची माहिती दिली. म्हणून दोघांची नावे रोगाला जोडली गेली. ‘हिस्टिओसायटिक नेक्रोटायझिंग लिम्फॅडेनायटिस’ हे त्याचे वर्णनात्मक नाव आहे. हिस्टिओसाइट या भक्षक पेशींची गर्दी आणि ऊतकाचा मृत्यू ही ज्यात दिसतात असा ग्रंथिदाह, असा त्याचा अर्थ होतो. आरंभी हा रोग केवळ पूर्व आशियातील मानला जात असे. १९८० च्या दशकापासून युरोप, अमेरिका व भारतासह इतर देशांतूनही त्याच्या नोंदी येऊ लागल्या.

वाचकांचा गोंधळ उडवणारी आणखी दोन जपानी नावे येथेच वेगळी केलेली बरी. कावासाकी रोग हा लहान मुलांचा आजार आहे. त्यातही ताप, पुरळ आणि मानेत गाठ असते, परंतु खरा धोका हृदयाच्या रोहिण्यांना असतो. किमुरा रोगात डोके व मान यांच्या त्वचेखाली दीर्घकाळ टिकणाऱ्या गाठी होतात आणि रक्तात इओसिनोफिल पेशी वाढतात. किकुची, कावासाकी आणि किमुरा या तीन विकारांत नावाच्या आद्याक्षराखेरीज आणि मानेतील गाठीखेरीज फारसे साम्य नाही.

ग्रंथीत काय घडते

लसीका ग्रंथी या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील चौक्या होत. पायाला जखम झाली की जांघेत आणि हाताला झाली की काखेत गाठ येते. तिला मराठीत ‘अवधाण’ असा जुना व नेमका शब्द आहे. जखम भरली की अवधाण बसते. किकुची रोगात अशी जखम सापडत नाही. एखाद्या विषाणूमुळे संरक्षणव्यवस्था चाळवली जाते आणि तिची प्रतिक्रिया मर्यादेबाहेर जाते, असा बहुतेक संशोधकांचा कयास आहे. एप्स्टाइन-बार विषाणूसह अनेक विषाणूंवर संशय घेतला गेला, पण कोणावरही दोष सिद्ध झालेला नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथीत ठिकठिकाणी मृत पेशींचे पुंजके दिसतात. पेशींची केंद्रके फुटून त्यांचा चुरा सर्वत्र विखुरलेला असतो. तो गोळा करणाऱ्या हिस्टिओसाइट पेशींची केंद्रके एका बाजूला ढकलली जाऊन चंद्रकोरीसारखी वाकलेली असतात. टी-लसीका पेशी व प्लाझ्मासदृश द्रुमाकृती पेशीही तेथे जमलेल्या असतात. जी गोष्ट दिसत नाही तीही तितकीच बोलकी आहे. ऊतक मरत असूनही न्यूट्रोफिल या पू तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथे जवळपास नसतात. म्हणून ही गाठ दुखते, पण सहसा पिकत नाही आणि फुटत नाही. त्वचेच्या बाबतीत हाच मुद्दा पुढे निर्णायक ठरतो.

त्वचेवर काय दिसते

किती रुग्णांच्या त्वचेवर परिणाम होतो, याचे आकडे वेगवेगळे आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या २४४ रुग्णांच्या एका आढाव्यात सुमारे १० टक्के रुग्णांना पुरळ होते. इतर आढाव्यांत हे प्रमाण १६ ते ४० टक्क्यांपर्यंत सांगितले आहे. ही तफावत फारशी आश्चर्याची नाही. पुरळ काही दिवसांत वा आठवड्यांत मावळते, आणि गाठीची चिंता लागलेला रुग्ण ते सांगायला विसरतो किंवा घामोळे समजून सोडून देतो.

या रोगाचे म्हणून एकच ठरावीक पुरळ नाही. बहुतेक वेळा ते गोवरासारखे, म्हणजे बारीक सपाट ठिपके व किंचित उंच पुटकुळ्या यांचे मिश्रण असते. काहींना एकमेकांत मिसळणारे उंच चट्टे येतात, काहींना गांधी उठल्यासारखी त्वचा फुगते, तर काहींच्या गालांवर व नाकावर लाली पसरते. तोंडात व्रण होणे, ओठ सोलवटणे, पापण्यांना सूज येणे, केस गळणे याही नोंदी आहेत. पुरळ कंबरेच्या वरच्या भागात अधिक असते. चेहरा, मान, छाती, पाठ आणि दंड या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. खाज कधी असते, कधी नसते. ताप अधिक असणाऱ्या रुग्णांत, तसेच मानेखेरीज इतर ठिकाणच्या ग्रंथीही सुजल्या असतील तेव्हा त्वचेकडे मुद्दाम पाहावे लागते.

पाठ्यपुस्तकांत या पुरळाचे वर्णन ‘लाल’ असे असते. ते गोऱ्या त्वचेवरून केलेले आहे. सावळ्या त्वचेवर तीच लाली तपकिरी, जांभळट किंवा नुसतीच काळपट दिसते, आणि गालांवरील फिकट लाली तर खिडकीच्या उजेडात पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. सावळ्या रंगावर पुरळ गेल्यानंतर काही काळ काळसर डाग राहू शकतो. तो व्रण नव्हे, तो हळूहळू फिका होतो.

गाठ आणि पुरळ यांचा परस्परसंबंध नीट समजून घेणे आवश्यक आहे. गाठीतील रोग वर येऊन त्वचेला भिडला आणि त्यामुळे पुरळ आले, असे किकुची रोगात घडत नाही. सुजलेल्या ग्रंथीवरची त्वचा सहसा स्वच्छ, हलती व नेहमीच्या रंगाची असते. पुरळ येते ते गाठीपासून दूर, गालावर किंवा दंडावर. ग्रंथीत जी प्रतिक्रिया चालू असते तिच्याच जातीची प्रतिक्रिया त्वचेत स्वतंत्रपणे चाललेली असते.

त्वचेचा तुकडा काय सांगतो

तैवानमधील विकृतितज्ज्ञ कुओ यांनी १९९० साली या रोगातील त्वचालक्षणांवर स्वतंत्र लेख लिहिला. त्यानंतर अशा पुरळाचे तुकडे काढून तपासण्याकडे अधिक लक्ष गेले. अंतस्त्वचेत रक्तवाहिन्यांभोवती लसीका पेशी व हिस्टिओसाइट जमलेल्या दिसतात. त्यांच्यामध्ये फुटलेल्या केंद्रकांचा चुरा असतो आणि न्यूट्रोफिल पेशी नसतात किंवा अगदी तुरळक असतात. ग्रंथीतील चित्राचीच ही फिकट प्रत म्हणावी. काही तुकड्यांत बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्या सीमेवरील पेशींत पोकळ्या पडलेल्या आणि काही पेशी मेलेल्या आढळतात. या बदलाला सीमादाह म्हणता येईल. ल्युपसच्या पुरळातही असाच सीमादाह दिसतो. त्यामुळे तो आढळलेला रुग्ण पुढे ल्युपसकडे झुकण्याची शक्यता अधिक असावी, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. तपासलेल्या रुग्णांची संख्या लहान असल्याने हे अनुमान नियम म्हणून मांडलेले नाही.

त्वचेच्या तुकड्यावरून एकट्याने किकुची रोगाचे निदान होत नाही. गाठीचा तुकडा हाच त्याचा आधार आहे.

क्षयाशी होणारी गल्लत

भारतात मानेत गाठ आली की प्रथम क्षयाचा विचार होतो, आणि तो योग्यच आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि फुप्फुसाबाहेरील क्षयाचा सर्वांत नेहमीचा प्रकार लसीका ग्रंथींचाच आहे. गंडमाळ हा शब्द मराठीत त्याच्यासाठीच रूढ झाला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातही ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांसाठी एक संपूर्ण अध्याय आहे. मानेतल्या गाठींचे प्रकार वेगळे करण्याची गरज वैद्यांना फार पूर्वीपासून भासत आली, असे त्यावरून दिसते.

क्षयातही त्वचा गुंतते, पण वेगळ्या रीतीने. क्षयाची ग्रंथी सावकाश वाढते, शेजारच्या ग्रंथींना चिकटते, आतून मऊ पडते आणि अखेर वरच्या त्वचेला धरते. त्वचा निळसर-जांभळी होऊन फुटते, तीतून पातळ स्राव वाहत राहतो आणि भरून आल्यावर ओढल्यासारखा, दुमडलेला व्रण कायम राहतो. या प्रकाराला स्क्रोफ्युलोडर्मा म्हणतात. म्हणजे क्षयात त्वचेचा विकार गाठीच्या अगदी वर असतो, तर किकुची रोगात गाठीवरची त्वचा निरोगी राहून पुरळ दुसरीकडे असते. हा फरक नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो आणि त्याला खर्च नाही. मात्र क्षयाची प्रत्येक गाठ फुटत नसल्याने त्वचा चांगली आहे एवढ्यावरून क्षय नाही असे म्हणता येत नाही.

गल्लत बहुधा सुईच्या तपासणीत होते. गाठीत बारीक सुई घालून काढलेल्या द्रवात मृत ऊतकाचा चुरा दिसला, की क्षयग्रस्त देशात तो क्षयाचा मानण्याकडे कल असतो. क्षयात पनीरासारखा मऊ मृत भाग, त्याभोवती ग्रॅन्युलोमा आणि अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी अपेक्षित असतात. किकुची रोगात ग्रॅन्युलोमा सहसा नसतात. सुईच्या टोकाला आलेल्या थेंबात मात्र हा भेद अनेकदा हरवतो. किकुची रोग केवळ सुईच्या तपासणीने ओळखण्यातील अचूकता एका अभ्यासात ५६ टक्क्यांच्या आसपास आढळली होती, म्हणजे जवळपास प्रत्येक दुसऱ्या रुग्णात चूक संभवते. जनुकीय तपासणीत क्षयाचे जंतू न सापडणे हाही अंतिम पुरावा नव्हे, कारण ग्रंथीच्या क्षयात जंतू मुळातच थोडे असतात. त्यामुळे अनेक वेळा अनुमानाने क्षयाचे सहा महिन्यांचे उपचार सुरू केले जातात.

त्यानंतर जे घडते ते तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवण्याजोगे आहे. किकुची रोगाची गाठ काही आठवड्यांत आपोआप उतरू लागते. औषधे चालू असल्याने श्रेय औषधांना मिळते आणि चुकीचे निदान बरोबर ठरते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, अशातला हा प्रकार आहे. रुग्णाला मात्र किंमत मोजावी लागते. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड यांमुळे यकृताला आणि इथाम्बुटोलमुळे दृष्टीला अपाय होऊ शकतो. ज्याला क्षय आहे त्याने हा धोका पत्करणे रास्त आहे, नसलेल्या रोगासाठी तो पत्करण्याचे कारण नाही.

त्वचेच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. क्षयाच्या औषधांनीही अंगावर पुरळ येऊ शकते. औषधे सुरू झाल्यावर उठलेले किकुची रोगाचे पुरळ ‘गोळ्यांची ॲलर्जी’ म्हणून नोंदले जाते आणि मूळ रोगाची एक खूण हातची जाते. शिवाय आयसोनियाझिडमुळे काही रुग्णांत एएनए ही रक्ततपासणी सकारात्मक होऊ शकते, क्वचित औषधजन्य ल्युपसही होतो. पुढे खऱ्या ल्युपसची शंका आली तर तपासणीचा अर्थ लावणे त्यामुळे अवघड होते. म्हणून पुरळ औषधाच्या आधी आले की नंतर, ही साधी नोंद पहिल्याच भेटीत कागदावर येणे महत्त्वाचे असते.

ल्युपसचा प्रश्न

सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, म्हणजे ल्युपस, या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच ऊतकांवर उलटते. त्वचा, सांधे, रक्तपेशी, मूत्रपिंडे व मेंदू यांपैकी काहीही बाधित होऊ शकते. तोही प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होतो. त्यातही ताप येतो, ग्रंथी सुजतात, तोंडात व्रण होतात, केस गळतात आणि गालांवर पुरळ येते. ल्युपसच्या ग्रंथिदाहाचा तुकडा किकुची रोगाशी इतका जुळू शकतो की अनुभवी विकृतितज्ज्ञही एकट्या काचपट्टीवरून निर्णय देण्याचे टाळतात. हिमॅटॉक्सिलिन पिंड म्हणून ओळखले जाणारे निळसर गोळे किंवा पुष्कळ प्लाझ्मा पेशी दिसल्या तर ल्युपसच्या बाजूने कौल जातो.

दोन्ही आजार एकाच व्यक्तीला झाल्याच्या अनेक नोंदी आहेत. वर उल्लेखिलेल्या २४४ रुग्णांपैकी ३२ जणांना ल्युपसही होता. कधी ल्युपस आधी असतो, कधी दोन्ही एकदमच दिसतात, तर कधी किकुची रोग बरा झाल्यावर काही महिन्यांनी वा वर्षांनी ल्युपस प्रकट होतो. ज्याला किकुची रोग म्हटले तो मुळात ल्युपसचाच पहिला अंक होता का, हा वाद अजून मिटलेला नाही. रुग्णाच्या दृष्टीने या वादाचा व्यावहारिक अर्थ एवढाच, की गाठ उतरली म्हणून तपासण्या थांबवू नयेत.

येथे त्वचेचे निरीक्षण उपयोगी पडते. ल्युपसचे गालांवरील पुरळ नाकाच्या कण्यावरून दोन्ही गालांवर पसरते, पण नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या घडीत बहुधा उतरत नाही. ऊन लागल्यावर ते वाढते. चकत्यांच्या स्वरूपाचे पुरळ असेल तर त्यावर खपली धरते व मागे व्रण उरतो. किकुची रोगाचे पुरळ ताप व गाठ यांच्याबरोबर येते आणि त्यांच्याबरोबर किंवा थोडे आधी जाते. उन्हाने पुन्हा उसळणारे, गाठ गेल्यावरही टिकणारे अथवा व्रण ठेवणारे पुरळ दिसले तर ल्युपसच्या तपासण्या नव्याने कराव्या लागतात. त्यांत एएनए, डीएनएविरोधी प्रतिपिंडे, सी-३ व सी-४ हे पूरक घटक, रक्तपेशींची मोजणी आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी येते. शेवटची तपासणी स्वस्त आहे आणि तीच अनेकदा राहून जाते. ल्युपसमध्ये मूत्रपिंडाचा दाह वेदनेशिवाय सुरू होत असल्याने तिला पर्याय नाही.

कर्करोगाची शंका

लिम्फोमा हा लसीका ग्रंथींचा कर्करोग. त्यातील गाठ सहसा दुखत नाही, रबरासारखी घट्ट लागते आणि कमी होत नाही. किकुची रोगातील टी-पेशींची दाट गर्दी सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोमासारखी भासू शकते. १९९८ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या २७ रुग्णांच्या अभ्यासात काही जणांचा पहिला अहवाल चुकीने लिम्फोमाचा होता. अशा वेळी पेशींवरील खुणा रंगवून पाहण्याची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री तपासणी मदत करते. सीडी-६८ व मायलोपेरॉक्सिडेज या दोन्ही खुणा धारण करणाऱ्या हिस्टिओसाइट पेशी किकुची रोगाकडे बोट दाखवतात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील निदानाची वाट

किकुची रोगाचे निदान शहराच्या मध्यवर्ती भागापेक्षा उपनगरांच्या टोकाला अधिक अवघड का होते, हे ठाणे जिल्ह्यातील या तीन शहरांच्या उदाहरणावरून समजते. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याणपुढे ती एकापाठोपाठ येतात. उल्हासनगरात शासकीय मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथमध्ये डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आणि बदलापूरमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे. तापाचा रुग्ण मात्र बहुधा प्रथम गल्लीतील खाजगी दवाखान्यात जातो.

तेथे ताप आणि पुरळ यांची अनेक सोपी उत्तरे तयार असतात. पावसाळ्यात डेंग्यू व चिकुनगुन्या असतात. उल्हास नदीला २००५ व २०१९ सारखा पूर आला तर लेप्टोस्पायरोसिसचीही धास्ती असते. दमट हवेत नायटा आणि घामोळे बारमाही आहेत. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत, उल्हासनगरची ओळख जीन्स शिवण्याच्या व धुण्या-रंगवण्याच्या धंद्याशी जोडलेली आहे. तेथे काम करणाऱ्याच्या हातावर पुरळ दिसले तर रंग वा रसायनाचा संशय येणे स्वाभाविक आहे. संपर्काने होणारा त्वचादाह मात्र जेथे पदार्थ लागतो त्या जागी, म्हणजे बोटे, मनगटे, कोपरापुढचा हात येथे अधिक असतो. त्याबरोबर ताप किंवा मानेत दुखरी गाठ येत नाही. डेंग्यूचा ताप साधारण आठवड्याभरात उतरतो. दोन-तीन आठवडे रेंगाळणारा ताप, मानेच्या मागल्या बाजूला दुखरी गाठ, रक्तात पांढऱ्या पेशी कमी आणि वर पुरळ, हा संच दिसला की नेहमीच्या उत्तरांपलीकडे पाहावे लागते.

समजा, बदलापूरमधील पंचविशीतील एखाद्या तरुणीला असा त्रास झाला. पुरळासाठी औषधाच्या दुकानातून मलम, तापासाठी गोळ्या, गाठीसाठी सुईची तपासणी, आणि तिच्या अहवालात ‘मृत ऊतक, क्षयाची शक्यता’ अशी ओळ, असा तिचा प्रवास होऊ शकतो. दुकानातून मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. त्याने पुरळ दबते, त्वचारोगतज्ज्ञापुढे जाईपर्यंत दाखवण्यासारखे काही उरत नाही. पोटातून घेतलेल्या स्टिरॉइडने तर गाठही लहान होते आणि ती लिम्फोमाची असेल तर निदान लांबते. म्हणून गाठीचा तुकडा घेण्यापूर्वी स्टिरॉइड टाळतात.

योग्य मार्ग म्हणजे एक संपूर्ण ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून विकृतितज्ज्ञाकडे पाठवणे. मानेची ही शस्त्रक्रिया छोटी असते. अहवाल संदिग्ध असेल तर काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला ऊतकाचा ठोकळा दुसऱ्या मतासाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थेत नेता येतो. बदलापूर ते परळ हे अंतर लोकलने दीड तासाच्या आसपासचे आहे, पण रोजंदारीवरच्या माणसाला तो एक बुडालेला दिवस असतो, आणि अशा तीन-चार खेपा लागल्या की क्षयाच्या गोळ्या सुरू करणे सोपे वाटू लागते.

उपचार

किकुची रोगावर विशिष्ट औषध नाही. ताप व वेदना यांसाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी दाहशामक औषधे देतात. मात्र डेंग्यूची शक्यता मिटेपर्यंत आयबुप्रोफेन टाळतात. प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. तीव्र किंवा लांबलेल्या आजारात प्रेडनिसोलोन देतात, वारंवार उद्भवणाऱ्या रोगात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग झाल्याच्या नोंदी आहेत. पुरळासाठी बहुधा वेगळे काही करावे लागत नाही. खाज असल्यास साधी अँटिहिस्टामिन गोळी पुरते. रोग पुन्हा होण्याचे प्रमाण ३ ते ४ टक्के सांगितले जाते. मृत्यू अत्यंत विरळा असून तो बहुधा हृदय, यकृत वा रक्तपेशी बाधित झालेल्या गंभीर प्रकारांत झालेला आहे. हा रोग एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-पेला वेगळा करण्याची गरज नसते.

पाठपुरावा

गाठ उतरल्यावरही काही वर्षे ठरावीक अंतराने तपासणी सुचवली जाते. तीत त्वचा, सांधे, रक्तदाब, रक्तपेशी व लघवी पाहतात आणि गरजेनुसार एएनए पुन्हा करतात. सकारात्मक एएनए म्हणजे ल्युपस नव्हे, निरोगी व्यक्तींतही तो कमी प्रमाणात आढळतो. लक्षणांसह त्याचा विचार करावा लागतो.

पुरळ अल्पकाळ टिकणारे असल्याने ते दिसताच दिवसाच्या उजेडात मोबाइलवर छायाचित्र काढून त्यावर तारीख नोंदवणे उपयुक्त ठरते. तज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत पुरळ गेले तरी त्याची जागा व स्वरूप दाखवता येते. गाठीचा अहवाल, काचपट्ट्यांचा क्रमांक आणि ऊतकाचा ठोकळा कोणत्या प्रयोगशाळेत ठेवला आहे ही माहितीही जपून ठेवतात. काही वर्षांनी ल्युपसची शंका आली, तर तोच ठोकळा पुन्हा कापून नव्या खुणांसाठी तपासता येतो आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागत नाही.